हरवलेला कर्ता

व्याकरण शिकवणारा शिक्षक मुलाला वाक्यातील क्रियापद आधी शोधायला लावतो आणि मग त्या क्रियापदाला प्रश्न विचारायला सांगतो : ही क्रिया करणारा कोण? उत्तर सापडले की कर्ता सापडला. प्रश्न साधा आहे; आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही तो जमतो. पण हाच प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारला की तो एकाएकी अवघड होऊन बसतो. कारण तेथे कर्ता सापडणे म्हणजे कोणाच्या तरी कृत्याचे नाव घेणे असते, आणि वर्गात बसलेल्या मुलांपैकी एखाद्याचे आजे-पणजे त्या नावात सामावलेले असण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या शाळांतून कृष्णवर्णीयांचा इतिहास मुलांना कसा शिकवावा, याविषयी शंभराहून अधिक वर्षे चाललेला वाद वरवर पाहता अभ्यासक्रमाचा, पानांच्या संख्येचा किंवा मुलांच्या वयाचा वाद वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो व्याकरणाच्या त्या साध्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही : जे झाले ते कोणी केले, आणि ते मुलाला सांगायचे की नाही?

२०१५ मध्ये टेक्सस राज्यातील शाळांत वापरल्या जाणाऱ्या एका भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात नकाशाखाली एक टीप छापलेली होती. देशांतरावरील प्रकरणात आलेल्या त्या टिपेत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा उल्लेख ‘कामगार’ असा केलेला होता. एका विद्यार्थ्याच्या आईने ही गोष्ट जाहीरपणे मांडली, देशभर चर्चा झाली आणि प्रकाशनसंस्थेने चूक मान्य करून मजकूर बदलला. चर्चा झाली ती मुख्यतः ‘कामगार’ या एका शब्दाची. आणि ते योग्यच होते, कारण कामगाराला मजुरी असते आणि काम सोडून जाण्याची मुभा असते. परंतु त्या वाक्यात आणखी एक गोष्ट घडली होती, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या माणसांना आणण्याची क्रिया तेथे ‘व्यापारा’ने केली होती. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते, त्याला कर्ता होता. पण तो कर्ता माणूस नव्हता. जहाजांचे मालक, त्यांना भांडवल पुरवणारे, त्यांचा विमा उतरवणारे, किनाऱ्यावर उभे राहून माणसांचे दात तपासून बोली लावणारे, या सर्वांच्या जागी एक भाववाचक शब्द येऊन बसला होता. सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतील सुमारे १ कोटी ७ लाख माणसे पैलतीरावर जिवंत उतरली, असे इतिहासकारांचे अनुमान आहे. या दोन आकड्यांमधील माणसे समुद्रात कोणामुळे नाहीशी झाली, असे मुलाने विचारले तर ‘व्यापारामुळे’ हे उत्तर होऊ शकत नाही.

मराठी भाषेला हा फरक फार जवळून ठाऊक आहे. ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’ या दोन वाक्यांत एका व्यंजनाचे अंतर आहे. परंतु पहिल्या वाक्यानंतर लोक हळहळतात आणि दुसऱ्या वाक्यानंतर चौकशी सुरू होते. ओक्लाहोमा राज्यातील तुल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने लुटली आणि जाळली. पस्तीस गल्ल्यांच्या चौकांचा परिसर बेचिराख झाला. मृतांची संख्या शंभर ते तीनशेच्या दरम्यान असावी, असे पुढे इतिहासकारांनी मानले. या घटनेला ‘दंगल’ असे नाव देण्यात आले. दंगल ही उसळते. ती कोणी करत नाही. या नावाचा परिणाम केवळ भाषिक नव्हता. दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही, असे कलम विम्याच्या करारांत होते आणि त्याचा आधार घेऊन ग्रीनवुडच्या घरमालकांचे आणि दुकानदारांचे दावे फेटाळण्यात आले. त्यानंतर कित्येक दशके ही घटना त्याच राज्यातील शाळांच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नव्हतीच. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडावे लागले. ज्या स्थानिक वृत्तपत्राने लोकांना चिथावल्याचे मानले जाते, त्याच्या ३१ मेच्या अंकातील तो मजकूर जपून ठेवलेल्या प्रतीतून फाडून काढलेला आढळला. विस्मरण आपोआप होते असे समजण्याची पद्धत आहे. येथे मात्र विस्मरणालाही हात होते.

असे हात अनेक ठिकाणी दिसतात. यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील राज्यांत १८९४ मध्ये सैनिकांच्या लेकी-सुनांची एक संघटना स्थापन झाली. ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ हे तिचे नाव. या संघटनेच्या इतिहासविभागाच्या माजी प्रमुख मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तके जोखण्यासाठी एक मोजपट्टीच छापून वाटली. गुलामांचे मालक क्रूर होते असे ज्या पुस्तकात म्हटले असेल ते शाळांनी आणि ग्रंथालयांनी नाकारावे, असा त्यातील एक निकष होता. व्हर्जिनिया राज्याने १९५७ मध्ये सातवीच्या मुलांच्या हाती दिलेल्या इतिहासाच्या पुस्तकातही गुलाम आणि मालक यांचे संबंध जिव्हाळ्याचे असल्याचे चित्र होते. ते पुस्तक पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. त्या वर्गांतून बाहेर पडलेली मुले पुढे मतदार झाली, न्यायाधीश झाली, शिक्षक झाली. ती खोटे बोलत नव्हती. त्यांना शिकवले होते तेच ती सांगत होती. शाळेतील असत्याचे हेच वैशिष्ट्य आहे, की एका पिढीनंतर ते प्रामाणिकपणे बोलले जाऊ लागते.

या प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अन्याय करणारा जसा वाक्यातून हरवतो, तसाच अन्याय सोसणारा वाक्यात नेहमी कर्म होऊन येतो. त्याला पकडले, विकले, मारले, सोडवले. त्याने स्वतः काही केले असे वाक्य सापडत नाही. ही गोष्ट ज्याने सर्वांत आधी नीट ओळखली तो कार्टर वुडसन हा गुलामीत वाढलेल्या आई-वडिलांचा मुलगा होता. १८७५ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेल्या वुडसनने तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले, विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत पाऊल टाकले आणि १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट मिळवली. १९१५ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली, पुढच्या वर्षी तिचे नियतकालिक काढले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ द निग्रो’ या पुस्तकात त्याने मांडलेला विचार असा : ज्या मुलाला त्याच्या पूर्वजांनी जगात काहीच केले नाही असे शाळा शिकवते, त्याला खाली बसवण्यासाठी वेगळ्या शिपायाची गरज उरत नाही; ते काम ते मूल स्वतःच करते. मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने पुढे बाहुल्यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत हेच वेगळ्या रीतीने दिसून आले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत या संशोधनाचा उल्लेख होता.

वुडसनच्या सप्ताहाचा पुढे महिना झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. फेब्रुवारी आला की शाळांच्या भिंतींवर चित्रे लागतात, मुले भाषणे पाठ करतात, आणि मार्चमध्ये चित्रे उतरतात. या उत्सवाने कृष्णवर्णीयांना वाक्यात कर्त्याची जागा दिली हे खरे; पण ती देताना कर्ता इतका एकटा आणि इतका सोज्ज्वळ केला की क्रियेचा अर्थच बदलला. रोझा पार्क्स यांची कथा याचे ठळक उदाहरण आहे. दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक बाई १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून उठली नाही आणि देश बदलला, अशी ती कथा लहान मुलांना सांगितली जाते. वस्तुतः पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या. बारा वर्षे त्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत काम करत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर लोकशाळेच्या कार्यशिबिरास जाऊन आल्या होत्या. त्यांच्या आधी नऊ महिने, २ मार्च रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन ही पंधरा वर्षांची मुलगी त्याच शहरात त्याच कारणासाठी पकडली गेली होती. पार्क्स यांच्या अटकेनंतर जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके काढली. त्यानंतर ३८१ दिवस शहरातील कृष्णवर्णीय माणसे पायी चालली किंवा एकमेकांच्या गाड्यांतून गेली. आणि बसमधील भेदभाव अखेर ज्या खटल्याने संपला त्यातील वादींमध्ये कॉल्व्हिन होती. थकलेल्या बाईची कथा ऐकून मूल एवढेच शिकते की अन्याय हा कोणाच्या तरी सहनशक्तीचा अंत झाला की आपोआप संपतो. खरी कथा त्याला सांगते की तो संपवण्यासाठी माणसांना सभा घ्याव्या लागतात, पैसे जमवावे लागतात, आणि वर्षभर पाय दुखू द्यावे लागतात.

गुलामांच्या मुक्ततेच्या वाक्यातही कर्त्याचा असाच प्रश्न आहे. ‘लिंकनने गुलामांना मुक्त केले’ हे वाक्य जगभरच्या मुलांना पाठ असते. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात दाखवून दिले की युद्ध सुरू होताच लक्षावधी गुलामांनी मळे सोडले, काम थांबवले, आणि उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. मुक्तता ही केवळ मिळालेली नव्हती, ती मिळवलेली होती. याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी आपल्या काळातील पाठ्यपुस्तके तपासली आणि इतिहासाच्या नावाखाली प्रचार कसा चालतो ते मांडले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी आलेला संबंध नुसत्या सहानुभूतीचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा त्या देशात गुलामी कायद्याने संपून आठच वर्षे झाली होती. त्या अर्पणपत्रिकेत कर्ता आहे, आणि तो सत्कृत्याचा कर्ता आहे. फुल्यांनी ‘मुक्तता झाली’ असे म्हटले नाही. ती कोणी केली त्यांचे आभार मानले. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर होत असलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. त्या वेळी समोर होता तो सोडवणाऱ्यांच्या औदार्याचा इतिहास नव्हे, तर स्वतःची कैफियत स्वतः मांडणाऱ्या माणसांचा. अर्पणपत्रिकेपासून या पत्रापर्यंतच्या त्र्याहत्तर वर्षांत वाक्याचा कर्ता पालटला होता.

अर्थात कृष्णवर्णीयाला कर्ता केले म्हणजे वाक्य खरे झाले, असेही नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने जाहीर केलेल्या अभ्यासक्रमाच्या निकषांत, गुलामांनी कौशल्ये आत्मसात केली आणि काही प्रसंगी ती त्यांना स्वतःच्या हितासाठी वापरता आली, अशा आशयाचा मुद्दा घालण्यात आला. येथे गुलाम हा कर्ता आहे; पण ज्या वाक्यात तो कर्ता आहे ते वाक्य मालकाचे ओझे हलके करण्यासाठी रचलेले दिसते. शिवाय ते एक गोष्ट उलटी करते. बॉस्टनमधील धर्मोपदेशक कॉटन मॅथर यांना त्यांच्या घरातील ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाने देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची आपल्याकडील रीत सांगितली होती. १७२१ मध्ये त्या शहरात देवीची साथ आली तेव्हा मॅथर यांच्या आग्रहावरून एका डॉक्टराने दोनशेहून अधिक लोकांना अशी टोचणी केली, आणि त्यांतील फार थोडे दगावले. विद्या येथे मालकाकडून गुलामाकडे गेली नव्हती. गुलामाकडून मालकाकडे आली होती. खरा कर्ता कोण हे शोधताना नुसती जागा भरून भागत नाही. क्रिया कोणती हेही तपासावे लागते.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहा वर्षांच्या गोऱ्या मुलाने गुलामांचा बाजार भरवला नाही; मग त्याला वर्गात मान खाली घालायला का लावावे? मे २०२१ मध्ये, तुल्साच्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती त्याच महिन्यात, ओक्लाहोमा राज्याने एक कायदा केला. आपल्या वंशामुळे एखाद्याला अपराधी किंवा अस्वस्थ वाटले पाहिजे, अशी शिकवण देण्यास त्यात मनाई होती. कायद्याने तुल्साचा इतिहास शिकवण्यास बंदी घातली नव्हती. परंतु ‘अस्वस्थ वाटले पाहिजे’ असे शिकवणे आणि जे शिकवल्याने अस्वस्थ वाटेल ते शिकवणे, यांतील अंतर कायद्याच्या कागदावर जितके स्पष्ट असते तितके ते नोकरीची धास्ती बाळगून फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला राहात नाही. आणि ज्याला शंका येते तो गप्प बसण्याचा मार्ग निवडतो.

आक्षेपातील भीतीचे उत्तर मात्र मौनात नाही, नेमकेपणात आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, आपल्या देशबांधवांसमोर अपराधाचे चार प्रकार वेगळे करून मांडले. फौजदारी अपराध ज्याने केला त्याचाच असतो. संपूर्ण जनतेला त्याबद्दल आरोपी करता येत नाही. परंतु राज्याने जे केले त्याच्या परिणामांचे राजकीय दायित्व नागरिकाला टाळता येत नाही. नैतिक अपराधाचा जाब ज्याने त्याने आपल्या विवेकाला द्यायचा असतो. चौथा प्रकार त्यांनी माणसामाणसांतील मूळ बांधिलकीशी जोडला. हा विवेक शाळेत शिकवता येतो. ‘गोऱ्यांनी केले’ हे वाक्य सुटसुटीत आहे, पण तेही कर्ता लपवणारेच वाक्य आहे. कारण त्यात ज्याने चाबूक उचलला तो, ज्याने पळालेल्यांना घरात आसरा दिला तो आणि आज दुसऱ्या बाकावर बसलेला मुलगा, हे तिघे एकाच शब्दात कोंबले जातात. अमुक विधिमंडळाने अमुक साली कायदा केला, अमुक विमा कंपनीने दावा फेटाळला, अमुक संपादकाने मजकूर छापला, असे वाक्य मुलाला अपराधी करत नाही. उलट ते त्याला अपराधातून मोकळे करते, कारण भूतकाळातील त्या वाक्याचा कर्ता तो नाही हे त्याला स्पष्ट दिसते. त्याच्यासाठी उरते ते दायित्वाचे वाक्य, आणि ते वर्तमानकाळातील आहे.

वयाचा प्रश्नही येथेच सुटतो. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील एका प्राथमिक शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस सरकारी बंदोबस्तात गेली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोठी माणसे तिच्यावर ओरडत होती. पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने जवळजवळ वर्षभर तिला एकटीला बसवून शिकवले. एक मेथडिस्ट पाद्री मात्र आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून त्याच गर्दीतून शाळेत जात राहिला. सहा वर्षांच्या मुलीला जे सोसावे लागले ते सहा वर्षांच्या मुलांना ऐकवू नये, असे म्हणणे विचित्र आहे. काय ऐकवावे याला वयाची मर्यादा जरूर आहे. प्रेतांची वर्णने लहानांना देण्याचे कारण नाही. पण या कथेतील प्रत्येक क्रियेला कर्ता आहे : कोणी ओरडले, कोणी मुले काढून नेली, कोणी शिकवले, कोण गर्दीतून चालत गेले. ऐकणारे मूल, त्याचा वर्ण कोणताही असो, आपली जागा कोठे घ्यायची ते स्वतः ठरवू शकते. नीतिशिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काही असेल असे वाटत नाही.

मुलाला कठीण सत्य पेलत नाही, असे मोठी माणसे म्हणतात तेव्हा ती पुष्कळदा स्वतःविषयी बोलत असतात. मूल सत्याने खचत नाही. पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी जेव्हा त्याला कळते की आपल्याला शिकवणाऱ्यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी ते लपवले, तेव्हा त्याचा जो विश्वास उडतो तो केवळ एका पुस्तकावरचा नसतो. लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षकांपुढे बोलताना शिक्षणातील हाच पेच मांडला होता : खरे शिक्षण मुलाला प्रश्न विचारायला शिकवते, आणि असे प्रश्न विचारणारा माणूस कोणत्याच समाजाला मनापासून नको असतो.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. ‘अस्पृश्यांना पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नसे’ हे वाक्य त्याच्या ओळखीचे आहे. त्यात कर्म आहे, क्रिया आहे. भरू न देणारा कोण, ते वाक्य सांगत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याचे वर्णन करताना मात्र मराठी भाषेला कर्ता आठवतो, कारण त्या दिवशी माणसे चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. वर्गात दोन्ही वाक्ये पूर्ण लिहिली जातात की एकच, यावर त्या वर्गाचा प्रामाणिकपणा अवलंबून असतो.

वुडसनने सुरू केलेल्या सप्ताहाला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. तो सप्ताह कायम राहावा अशी त्याची इच्छा नव्हती. एक दिवस त्याची गरज उरू नये, कृष्णवर्णीयांचा इतिहास हा देशाच्या इतिहासाच्या प्रत्येक तासाला सहजपणे यावा, असे त्याला वाटत होते. तो दिवस कसा ओळखायचा याची खूण कदाचित फार साधी असेल. एखादे मूल पाठ्यपुस्तकातले वाक्य वाचेल, बोट क्रियापदावर ठेवेल आणि विचारेल : हे कोणी केले? आणि शिक्षक दाराकडे न पाहता त्याला उत्तर देईल.